नळीखालचे निळे ड्रम

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी मी शहरातल्या एका बर्गरच्या दुकानात मॅनेजर होते. लाल टी-शर्ट, काळी टोपी, छातीवर नावाची पट्टी आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यातली सगळ्यात जास्त वापरातली किल्ली तिजोरीची नव्हती, संडासाची होती. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, मी आधी त्याच्या टेबलाकडं बघायची, काही घेतलंय का ते बघायची, आणि मग कुलूप काढायची. नांदेडला हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षं आणि पुण्यातल्या मॉलमधली चार वर्षं, एवढं करून कुणाला लघवीला जाऊ द्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवायला मी आपल्या गावाकडं परत आले होते.

बाबांना मात्र 'मॅनेजर' हा शब्द फार आवडायचा. पौर्णिमेला विहारात गेले की कुणी न विचारताही सांगायचे, "पोरगी मॅनेजर हाय. हाताखाली चौदा माणसं हायेत." ते स्वतः शिपाई म्हणून निवृत्त झालेले. उस्मानाबादेतून लातूर वेगळं झालं, नवा जिल्हा झाला, तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं लागली. त्यात बाबांचा नंबर लागला. आधी लातूर, मग चाकूर. आमच्या घरात पहिला पगार आला तो नव्या जिल्ह्यामुळं. म्हणून 'नवा जिल्हा' हे दोन शब्द आमच्याकडं चांगल्या शकुनासारखे उच्चारले जायचे.

आमच्या मालकाला हे ठाऊक नव्हतं, पण त्यानं मला याच दोन शब्दांनी बांधून ठेवलं होतं. त्याची शहराबाहेर बारा-पंधरा किलोमीटरवर शेती होती, तिथल्या विहिरीला त्या वर्षीही पाणी होतं, आणि त्या पाण्याचे टँकर शहरभर फिरायचे. दुकान हा त्याचा हौसेचा धंदा, एका बर्गर कंपनीचं नाव घेऊन चालवलेला. उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा तेव्हा पुन्हा उठली होती. मालक काउंटरला टेकून म्हणायचा, "जिल्हा झाला की कलेक्टर येतो. कलेक्टराच्या मागं सगळ्या कचेऱ्या येतात. अन् नोकरदाराची लेकरं भाकरी खात न्हाईत, बर्गर खातात. उदगीरला जागा बघून ठेवलीय मी. ते दुकान तूच बघायचं. दोन्ही दुकानावर तू." मी "हाव भाऊ" म्हणायची आणि त्या दिवशी जरा जास्त वेळ थांबून काम करायची.

दुकान क्लासेसच्या गल्लीला लागून होतं. डॉक्टर व्हायला आलेली पोरंपोरी दिवसभर यायची. बाहेर बाया घागरी घेऊन टाकीजवळ उन्हात बसलेल्या, पाण्यावरून भांडणं होतात म्हणून टाक्यांजवळ पोलीस, आणि आत थंड हवेत ही लेकरं सॉसच्या पुड्या फोडत बसलेली. मी हात धुवायचं बेसिन प्लास्टिकनं झाकून टाकलं. प्लेटा बंद केल्या, सगळं कागदावर द्यायला लागलो. कंपनीचा नियम असा की तयार बर्गर दहा मिनिटांत विकला गेला नाही तर टाकून द्यायचा, आणि टाकताना हातानं चुरडून टाकायचा, म्हणजे कुणी उचलून खाऊ नये. तो नियम मी काटेकोर पाळला.

पाणी शुद्ध करायचं मशीन मागच्या बाजूला होतं. टँकरचं तीन ड्रम पाणी घातलं की एक ड्रम गोड पाणी निघायचं. बाकीचं खारट पाणी एका नळीतून गटारीत जायचं. मी आले आणि त्या नळीखाली दोन निळे ड्रम लावले. ते पाणी फरशीला, संडासाला वापरायचं. तपासणीला आलेल्या कंपनीच्या माणसानं त्याचा फोटो काढून नेला. तरीही दिवसाअखेर ड्रममध्ये पाणी उरायचं. कामाला येणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा विचारलं, "म्याडम, कपडे धुवायला नेऊ का?" मी म्हणाले, "ने." मग प्रत्येकजण शिफ्ट संपली की एक-एक कॅन भरून न्यायला लागला. त्या वर्षी मी केलेलं चांगलं म्हणावं असं काम एवढंच. आणि तेही पुढं मीच मोडलं.

मार्च सरता सरता साफसफाईला एक नवीन बाई आली. कामाला माणसं पुरवणाऱ्यानं पाठवलेली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. मी फॉर्म भरायला पेन उचलला आणि तिनं गावाचं नाव सांगितलं. ते माझ्या गावाचं नाव होतं. मग मी वर बघितलं.

मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही.

ती आमच्या गावातल्या एका मोठ्या शेतकरी घराची धाकटी सून होती. माझी आजी त्यांच्या शेतात राबली, आईही राबली. मी सात-आठ वर्षांची असताना आईबरोबर त्यांच्या रानात मूग तोडायला गेले होते. दुपारी तहान लागली म्हणून खोपीजवळ गेले. ही तेव्हा नवी सून, हातात तांब्याची कळशी. मी ओंजळ धरली आणि तिनं हातभर वरून पाणी सोडलं. पाणी ओंजळीत कमी आणि कोपरावरून फ्रॉकमध्ये जास्त गेलं. ती हसून म्हणाली, "नीट धर की गं ओंजळ." तिच्या हसण्यात वाईटपणा नव्हता. ते मला तेव्हाही कळलं होतं आणि म्हणूनच ते विसरता आलं नाही. ओल्या फ्रॉकनं मी आईजवळ परत आले, आईनं मान वर न करता विचारलं, "पेलीस का?" मी म्हणाले, "पेले."

आता ती माझ्यासमोर उभी होती आणि मी खुर्चीत होते. तिची बोअर आटली होती. नवरा बैलजोडी घेऊन चारा छावणीवर राहायला गेला होता. मुलगी बारावीला, लातूरला शिकत होती, म्हणून ही एका खोलीत मुलीजवळ येऊन राहिली होती. शेत होतं, घर होतं, फक्त पाणी नव्हतं. मी तिला गाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि माझं गाव सांगितलं नाही. "मावशी, उद्यापासून या," म्हणाले.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मावशी कामाला चांगली होती. फरशी पुसताना कोपरे सोडायची नाही. आमच्या आत एक मोठा जार होता, गोड पाण्याचा, त्यावर एक स्टीलचा गिलास. सगळे त्यातूनच प्यायचे. मीही, तीही. मी कितीदा तरी मुद्दाम तिच्या आधी जाऊन पाणी पिऊन गिलास तिथंच ठेवला. ती यायची, तोच गिलास भरायची आणि घटाघटा प्यायची. मला त्यात नुसती गंमत वाटायची असं म्हणणं खोटं होईल. मला त्यात सूड उगवल्याची मजा वाटायची.

मग एक दिवस बाबा आले. त्यांना माझं दुकान बघायचं होतं. आईनं दिलेला डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि काचेजवळच्या टेबलाशी बसले. मी त्यांच्यासाठी बर्गर आणायला आत वळले, तेवढ्यात मावशी फरशी पुसत त्यांच्या टेबलाजवळ आली. बाबांनी तिला बघितलं आणि ताडकन उभे राहिले. उभे राहिले ते राहिले, पायातली चप्पलही काढली. पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, दोन्ही हात पुढं धरून म्हणाले, "वैनीसाब, तुम्ही इथं?"

मावशी दचकली. मग तिनं पदर सारखा केला. "हाव भाऊ," म्हणाली. "काय करता, दिवसच असे आलेत."

गावात त्या घरातलं शेंबडं पोरही माझ्या बापाला नुसत्या नावानं हाक मारायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्या घरातून त्यांना भाऊ म्हणालं. बाबांचा चेहरा उजळला. "ही आमची पोरगी," त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "म्यानेजर हाय इथं."

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. बघता बघता तिला सगळं कळलं असावं. ती फक्त म्हणाली, "व्हय का," आणि बादली उचलून आत गेली.

मी बाबांना म्हणाले, "आधी चप्पल घाला."

"अगं, सवय हाय."

"घाला म्हणते ना."

त्यांनी घातली. बर्गर अर्धाच खाल्ला, अर्धा आईसाठी रुमालात बांधून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी जारचं पाणी पिईनाशी झाली. मी आधी एक दिवस बघितलं, मग रोज बघायला लागले. माझ्या केबिनमध्ये कॅमेऱ्याचा पडदा होता, त्यात जार दिसायचा. मावशी जाराजवळ जायची, चूळ भरायची, थुंकायची, आणि निघून जायची. दिवसभर भट्टीसारख्या त्या किचनमध्ये राबून घोटभर पाणी नाही. मला दुसरं काय वाटणार होतं? तिला कळलं होतं की मी कोण आहे. त्या गिलासाला माझं तोंड लागतं हेही तिला कळलं होतं.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती खरं सांगती. त्याऐवजी मी तिला संडासाचं काम लावलं. रोज, एकटीला. आधी ते आळीपाळीनं असायचं. तिची अर्ध्या तासाची सुट्टी वीस मिनिटांवर आणली. ती जितकी गप्प राहायची तितका माझा संशय पक्का व्हायचा.

त्याच सुमाराला कुणीतरी आमच्या मागच्या दाराचा फोटो मोबाईलवर फिरवला. कामाची माणसं कॅन भरून नेताना. 'बर्गरवाल्याकडं पाणीच पाणी,' असं काहीतरी खाली लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मागच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन दारात. मी दोन ड्रम वाटून दिले, पण ते किती जणींना पुरणार? आरडाओरडा झाला, आत बसलेली गिऱ्हाइकं उठून गेली. मालक आला तो तणतणतच.

"कुणी सांगितलं होतं तुला धरमशाळा काढायला?"

"भाऊ, ते पाणी गटारीतच जातं."

"जाऊ दे ना. माझ्या विहिरीचं पाणी हाय, गटारीत गेलं तरी माझंच हाय. आजपासून ते ड्रम बंद. नळी सरळ गटारीत सोड. अन् जाताना एकेकाची पिशवी तपास. घोटभर पाणी बाहेर गेलं न्हाई पाहिजे." आणि मग आवाज खाली आणून, "उदगीरचं मी बोलून ठेवलंय बरं का. पण तिथं असं ढिलं चालणार न्हाई."

मी ड्रम उपडे करून मागच्या भिंतीला लावले. फरशी पुन्हा टँकरच्या पाण्यानं पुसायला लागलो आणि खारट पाणी गटारीत जायला लागलं. शहरात माणसं हंड्यासाठी रात्रंदिवस रांगेत होती आणि आमची गटार वाहत होती. मी रोज ती बघायची.

पिशव्या तपासायला लागून चार दिवस झाले असतील. दुपारी चारला शिफ्ट बदलायची. मागच्या दाराजवळ मालक एका रिकाम्या क्रेटवर मोबाईल बघत बसला होता. मी एकेकाला सोडत होते. मावशीची पाळी आली. मी पिशवीत हात घातला. डबा, घडी केलेला टॉवेल, आणि त्या टॉवेलात गुंडाळलेली दोन लिटरची बाटली. काठोकाठ भरलेली. ते खारट पाणी नव्हतं, मागच्या मशीनचं गोड पाणी होतं; तिथं कॅमेरा नव्हता.

"हे काय, मावशी?"

"माझं हाय."

"माझं म्हणजे?"

"दिवसभर पीत न्हाई मी इथलं. नुसती चूळ भरते. पिली असती तर एवढं लागलंच असतं की. ते मी नेते, यात काय गलती हाय?" ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "पंधरा दिवस झाले, पोरीला मुतखडा निघालाय. खोलीवर बोअरचं पाणी येतं, तोंडात धरवत न्हाई इतकं खारं. डॉक्टर म्हणले, चांगलं पाणी पाजा. कुठून आणू?"

मी ऐकलं. मला समजलं. इथं मला कुठलीही सबब नाही. दोन आठवडे पडद्यावर बघून मी जे ठरवलं होतं ते चुकीचं होतं हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. माझा संशय मी हवेतून आणला नव्हता, तो मला पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला होता, शिकवणाऱ्यांत तिचं घरही होतं. पण ती मुलगी बारावीची होती आणि तिला मुतखडा होता.

मालकानं मोबाईल खिशात घातला. तो उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "हिला काढ. तूच सांग. आमच्या पाहुण्यारावळ्यातली निघायची एखादी, मला तोंडावर बोलता येत न्हाई." मग थोडं मोठ्यानं, "अन् ते पाणी वत खाली. बाकीच्यांनी बघू दे."

मी बाटलीचं झाकण काढलं. अजूनही मला वाटतं की माझा हात थोडा थांबला होता, पण कदाचित ते मी नंतर जोडलेलं असेल. मी बाटली उपडी केली. गटारीच्या जाळीवर. पाणी भसाभसा, अडखळत निघालं. बाटली मोकळी व्हायला फार वेळ लागला. आणि खरं लिहायचं म्हणून लिहिते, त्यातला एक क्षण मला बरा वाटला. एकच, पण वाटला.

मावशी शेवटच्या थेंबापर्यंत बघत उभी होती. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आम्ही वरून का व्हईना, पाजलं तरी होतं."

तिनं रिकामी बाटली माझ्या हातातून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि गेली. पायऱ्या उतरताना तिनं पदरानं डोळे वगैरे पुसले नाहीत. कामाची माणसं पांगली. मालक म्हणाला, "बरं झालं, झेंगट मिटलं," आणि कोल्ड्रिंक मागवलं.

तिच्या त्या वाक्याला माझ्याकडं उत्तरं होती. ती मी पुढं कित्येक दिवस मनातल्या मनात देत राहिले. वरून पाजलेलं पाणी म्हणजे उपकार नव्हे. त्या पाण्यासाठी माझ्या आजीनं तुमच्या विहिरीची माती डोक्यावर वाहिली होती. तुम्ही पाजलंत, पण शिवून घेतलं नाहीत. सगळी उत्तरं खरी होती. फक्त मला ती द्यायला तोंड उरलं नव्हतं.

त्या रविवारी घरी गेले तेव्हा मी बाबांना सांगितलं. सगळं नाही सांगितलं, पण ओतल्याचं सांगितलं. बाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "काढलीस तर काढलीस. नोकरी हाय. पण वतायचं न्हाई. पाणी वतायचं न्हाई गं." सोमवारी सकाळी त्यांनी आमच्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यातलं एक कॅन भरून घेतलं, एसटीत घातलं आणि लातूरला जाऊन, विचारत विचारत तिची खोली शोधली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"घेतलं का पाणी?" मी विचारलं.

"घेतलं की. पोरीनंच पुढं होऊन कॅन धरलं. हुशार हाय पोरगी." मग थांबून, आवाजातली खुशी दाबत म्हणाले, "चहा केला त्यांनी. कपात दिला. पोरीनं तोच कप विसळून फळीवर ठेवला, त्यांच्या बाकीच्या कपांतच."

ते खूश होते. साठ वर्षांचा माणूस, सरकारी नोकरी करून निवृत्त झालेला, आणि एका कपानं त्यांचा दिवस सोन्याचा झाला होता. मला त्यांच्या त्या खुशीचाच राग आला. आणि मला स्वतःला तर तेवढीही खुशी नव्हती. मी फोन ठेवून दिला.

पुढं पाऊस झाला. त्या वर्षी चांगला झाला. गटारी, नाले, विहिरी सगळं भरलं आणि लोक रेल्वेचं पाणी विसरून गेले. उदगीरचा जिल्हा काही झाला नाही. मालकानं तिथली जागा विकली आणि दुसरं दुकान नांदेडला काढलं. ते बघायला त्यानं आपला मेहुणा बसवला. त्या मेहुण्याला काम शिकवायला मला महिनाभर नांदेडला पाठवलं. तो टेबलावर पाय ठेवून बसायचा आणि मी त्याला तेल किती तासांनी बदलायचं ते सांगायची. परत आल्यावर मी मालकाला विचारलं, "भाऊ, माझं काय?" तो म्हणाला, "अगं तू हायस की इथं. तुझ्यासारखी माणसं मिळतात कुठं?"

दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्याच्या कँटीनला सुपरवायझर पाहिजे होता. मालकानं भांडण न करता अनुभवाचं पत्र दिलं, त्याबद्दल मला नाव ठेवता येणार नाही. इंग्रजीत, कंपनीच्या कागदावर. त्यात लिहिलं होतं की ही व्यक्ती अत्यंत शिस्तीची असून दुष्काळाच्या कठीण काळात तिनं पाण्याची चोरी थांबवली, आणि दोषी कर्मचाऱ्यावर कारवाई करताना तिनं गाव-नातं पाहिलं नाही. गावाचं त्याला कुणी सांगितलं हे मला अजून कळलेलं नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. चष्मा वर करून मला म्हणाल्या, "आमच्याकडे स्टाफ फार चोऱ्या करतो. दूध, साखर, काही ठेवत नाहीत. हे पाण्याचं काय होतं, जरा सांगा ना."

मी सांगितलं. बाटलीचं सांगितलं, सगळ्यांसमोर ओतल्याचं सांगितलं. मुलीच्या मुतखड्याचं सांगितलं नाही.

त्या म्हणाल्या, "एक तारखेपासून या."